मुशीच्या तेलाची गाडी

"लवूकाका, गाडी पादता खंयसून?"

द्वारकीने विचारलं आणि चिंचेच्या चढणीवर उभी असलेली सगळी माणसं एकदम तिच्याकडे वळली. गाडीच्या पोटाखालून लवू मिस्त्रीचे दोन पाय तेवढे बाहेर होते. तळव्यांना भेगा, भेगांत काळं वंगण. ते पाय हलायचे थांबले. मागे तिच्या वर्गातल्या कुसूम आणि येसू एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसू दाबत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. द्वारकीने हे मिस्त्रीला चारचौघांत विचारलं तर ओटीभर आवळे, नाही विचारलं तर वर्षभर दोघींची दप्तरं उचलायची. द्वारकी दहावीत होती. गॅदरिंगच्या भाषणात पहिली आल्यापासून तर ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. स्वतःच्या बापाला थोडी भ्यायची, पण तो या वेळी बॉनेटमध्ये डोकं घालून होता.

लवू मिस्त्री सरपटत बाहेर आला. तोंडातल्या पानाची पिंक त्याने नेमकी द्वारकीच्या पायाशी टाकली. लाल शिंतोडे तिच्या निळ्या परकराच्या काठावर बसले.

"फुडल्या अंगान खाता, मागल्या अंगान सोडता," तो म्हणाला. "तुझ्यासारख्याच. खाल्लेला भायर पडाक नाय तर माणूस चालात काय गो? मेलीक शाळेत ह्यांच शिकवतत वाटता. महादू, चेडवाक वळण आसा काय नाय?"

पाशिंदर फिदीफिदी हसले. पुढच्या सीटवरून नाकाला पदर लावून उतरलेली काशीबाईसुद्धा हसली. आणि बॉनेटमधून डोकं काढून महादूही हसला. त्या हसण्यानेच द्वारकी जास्त चिडली. मालाच्या शिडाच्या होडीवर, पडावावर, असताना ज्याची हाक वाऱ्याच्या वर ऐकू जायची तो तिचा बाप आता मिस्त्रीपुढे असा ओठ ताणून हसायचा, जसा बाजारात उरलेला मासा विकताना कोणी हसतं.

"गप ऱ्हव, द्वारके," तो म्हणाला. "चल, मागे जा. ढकलूक होयी."

पाशिंदरांनी भाडं दिलेलं, ते ढकलणार नाहीत. मिस्त्री मिस्त्री होता, तो ढकलणार नाही. महादू स्टेअरिंगला. मग उरली ती मालकाची मुलगी. गेल्या पंधरवड्यापासून रोज सकाळी ही चढण आली की गाडी अर्ध्यावर कण्हायला लागायची, आणि द्वारकी दप्तर सीटवर टाकून खाली उतरायची. बाकीची माणसं गाडीबरोबर रमतगमत चालायची, वरातीबरोबर चालतात तशी. द्वारकी मागच्या बंपरला छाती लावून ढकलायची. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर गाडीचा तापलेला पत्रा, आणि पत्र्यातून येणारा तो वास.

तो मुशी माशाच्या तेलाचा वास होता.

महादू तांडेल जन्मभर पडावावर होता. कौलं आणि मीठ घेऊन बंदरोबंदर फिरायचा. ट्रका आल्या, माल रस्त्याने जाऊ लागला, पडाव वाळूत बसला तो बसलाच. तेव्हा त्याने मालवणच्या एका शेटची लढाईच्या आधीची मोटार घेतली आणि आचऱ्याहून कणकवलीपर्यंत पाशिंदर न्यायला लागला. गाडी एवढी चालली होती की मैलांचा काटा फिरून फिरून शून्यावर आला होता आणि पुन्हा पुढे निघाला होता. दारं सुतळीने बांधलेली. तरी मे महिन्यापर्यंत ती चढण चढत होती, मागे कोंबड्यांच्या खुराड्यांसकट.

पावसात रस्ता बंद. मग महादूने गाडी बंद केली, आणि त्याला बंद करायची एकच रीत माहीत होती. माडांचे ओंडके घालून त्याने ती उचलून ठेवली, वर झापांचं छप्पर केलं आणि खारी हवा लागू नये म्हणून सगळ्या पोटाला मुशीच्या काळजाचं तेल चोपडलं, होडीला चोपडतात तसं. तेल पत्र्याच्या सांध्यासांध्यांत मुरलं. दसऱ्यानंतर गाडी रस्त्याला लागली, इंजिन तापलं, आणि चार महिने मुरलेली मुशी जिवंत झाली. उन्हात पडलेल्या मासळीला पाणी सुटतं आणि माशा येतात, तसा तो वास. पहिल्याच फेरीत एका बाळंतिणीने खिडकीतून ओकलं आणि ती ओक दारावरून ओघळत शाळेच्या फाटकापर्यंत आली. फाटकात वर्ग भरायची वाट बघत सगळी शाळा उभी होती.

"तुझ्या बापाशीची गाडी मच्छी खाता काय गो?" तेव्हापासून येसू रोज विचारायची.

वास एक वेळ चालला असता, पण गाडीत दमच उरला नाही. सपाटीला कशीबशी पळायची. चढण आली, महादूने पायाखाली दाबलं, की पुढे उसळी मारायच्या ऐवजी ती आतल्या आत घुसमटायची, तापायची आणि थांबायची. रोज थोडी आधी थांबायची.

* * *

त्या दिवशी संध्याकाळी लवू मिस्त्री त्यांच्या घरापुढच्या खळ्यात आला. जानकीने, द्वारकीच्या आईने, त्याच्यासाठी सुरमई तळली. वाडीत सुरमई विकायला असते, खायला नसते. द्वारकीच्या ताटात स्वस्तातल्या तारल्या होत्या.

मिस्त्रीने पेट्रोलची नळी तोंडाने ओढली, चूळ भरून तुळशीच्या बाजूला थुंकला. पेट्रोल साफ होतं. गाळणी झटकली. चारही प्लग काढून पॉलिशच्या कागदाने घासले, दातात धरून त्यांच्यावर फुंकर मारली. मग इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि करपट ढेकर दिली.

"पिष्टनाच्यो रिंगा गेल्यो," तो म्हणाला. "इंजिन म्हातारा झाला, महादू. दोन माणसांचा आयुष्य जगला ता. दम खंयसून येतलो?"

"रिंगा बदलूक..."

"नव्यो रिंगा ह्या गाडयेक? म्हातारेक नवे दात?" तो हसला. दातांत सुरमईचा तुकडा होता. "आयतवारी बैल घेवन येतंय आणि ओढून न्हेतंय. लोखंडाच्या भावात घेतंय, तुझा तोंड बघून. नायतर हयसरच कुजात, आणि कोंबडी अंडी घालतली तिच्यात."

महादूने हँडल हातात घेतलं. जानकीच बोलली, चुलीकडे बघत.

"मग हे परत दर्यार जातले. गोव्याच्या बाजूक ट्रॉलरार खलाशी होये आसत. आणि द्वारकी माझ्याबरोबर खोपीत येत. परक्या घरात जावच्या आदी कामाक लागात."

खोप म्हणजे मासे खारवायची जागा. द्वारकी एकदा आईचा डबा घेऊन तिथे गेली होती. बायका गुडघ्यापर्यंत ओल्या, बोटं मिठाने फाटलेली, पायांखाली आतड्यांचा चिखल, आणि मुकादम त्यातून वाट काढताना बायकांच्या खांद्यांना हात लावून तोल सावरायचा. सावरायला भिंत असली तरी. जानकीने तेव्हा मुकाट्याने खांदा झटकला होता आणि सुरी चालू ठेवली होती. त्या दिवशी द्वारकी घरी येऊन दोनदा न्हायली होती.

मिस्त्री दुसऱ्यांदा सुरमई खायला आत गेला. महादू सवयीने हँडल मारून इंजिन फिरवत राहिला, मेलेल्या माणसाचे पाय चोळावेत तसा. प्लग बाहेरच होते. इंजिनाच्या डोक्यावर चार भोकं उघडी होती आणि प्रत्येकातून आळीपाळीने फुस फुस वारा येत होता. द्वारकीला सायकलचा पंप आठवला. शाळेतली मुलं पंपाच्या तोंडावर अंगठा धरून बघतात, जोर आहे की नाही. तिने एका भोकावर अंगठा दाबला.

फट्. अंगठा उडाला. तिने दुसऱ्यावर दाबला. तोही उडाला. तिसरा, चौथा, सगळे तसेच.

"बाबा, हेच्यात जोर आसा. अंगठो धरूक देयना."

"हात काढ थयसून."

"पण रिंगा गेल्यो तर वारो बाजून जातलो ना? हयसर सगळो वर येता."

मिस्त्री हात चाटत दारात उभा होता. "माका कानाक कळता," तो म्हणाला. "अंगठ्यान इंजिन बघणारी तूच पयली. जानक्ये, चेडवाक चूल दाखवूची सोडून ह्या काय शिकवतंस?"

आणि महादू पुन्हा तसंच हसला.

* * *

दुसऱ्या दिवशी महादूने चढणीवरच्या वाट राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा दिला. चढणीच्या मध्यावर चिंचेखाली दगड आहे. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथे विडी नाहीतर खोबऱ्याचा तुकडा ठेवते. महादूने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, गाडयेर कोणाची नजर पडली आसात, वाटेर काय आडवा इला आसात, ता बाजूक कर महाराजा." धोंडू गुरवाने मान कापून कोंबड्याचं रक्त बंपरवर, दोन्ही दिव्यांच्या मध्ये लावलं. आधीच मुशीचं तेल, त्यावर रक्त, त्यावर माशा. गाडी चढणीच्या मध्यापासून चार हातही वर गेली नाही.

"उतर," महादू म्हणाला.

द्वारकी उतरली. शाळेला निघालेली मुलं कडेने जात होती. "मुशी इली, मुशी इली," कोणीतरी ओरडलं. तिने बंपरला छाती लावली. पाय धुळीत रोवले. एक पाय गाडीच्या मागच्या धुराच्या नळीच्या अगदी समोर आला.

नळीतून काहीच येत नव्हतं.

म्हणजे थोडी ऊब येत होती, मांजराच्या श्वासाएवढी. पायावरची धूळसुद्धा हलत नव्हती. पुढे इंजिन घुरघुरत होतं, बाप पाय आपटून आपटून दाबत होता, आणि मागे काही नाही. ती ढकलत राहिली, पण डोकं दुसरीकडेच गेलं. वर पोचली तेव्हा परकर पोटरीपर्यंत काळा झाला होता. कुसूमने आवळे पुढे केले. पैज होती ती होतीच.

शाळेच्या फाटकाशी एसटी उभी होती. ड्रायव्हरने ती चालू केली तशी मागच्या नळीतून भक्कन वारा आला, रस्त्यावरची पानं उडाली, ओटीतले आवळे वाचवताना द्वारकीचा परकर फुगला आणि येसूच्या डोळ्यांत धूळ गेली.

"बघ, ही कशी पादता ती," येसू डोळे चोळत म्हणाली.

द्वारकी तिच्याकडे बघत राहिली. खाल्लेला भायर पडाक नाय तर माणूस चालात काय गो? पायाशी पिंक टाकून का होईना, मिस्त्रीनेच तिला सांगितलं होतं. सांगितलं आणि स्वतः ते बघायचं विसरला.

* * *

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जानकी खोपीत होती आणि महादू खळ्यात विडी ओढत गाडीकडे पाठ करून बसला होता. उद्या बैल येणार होते.

द्वारकी गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसली. नळीत बोट घातलं. मग खराट्याच्या हिराची काडी घातली, ती वितीभर गेली आणि अडली. बाहेर काढली तर टोकाला काहीतरी चिकट होतं. तिने वास घेतला आणि तिला ओकारी आली. मुशी, चुना आणि जळलेला काथ्या.

"बाबा," ती म्हणाली. "पावसात गाडी ठेवताना तुमी ह्या नळयेत काय घातलास?"

महादूने मान वळवली नाही. "काय घालूचा? काथ्यो घातलंय. उंदीर शिरतत, खारो वारो शिरता. व्हडयेची फट बुजवतत तसो. चुनो, तेल, काथ्यो."

"किती?"

"बरो घातलंय. दांड्यान ठासून. आणि दसऱ्याक काढलंय मगे. माका काय कळणा नाय?"

"सगळो काढलास?"

तो उत्तर द्यायला वळला आणि तिच्या हातातली काडी बघून थांबला. विडी तोंडातच राहिली. तो उठला, आत गेला आणि होडीच्या फटी बुजवायची बारीक लांब छिन्नी आणि लाकडी हातोडा घेऊन आला. जी छिन्नी घेऊन त्याच्या बापाने पडाव सांधले होते तीच. तो गाडीच्या मागे उताणा झोपला. द्वारकीने नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. एकेका ठोक्यासरशी काळे तुकडे त्याच्या मिशांवर, छातीवर पडत होते. पावसाळाभर मुरलेलं तेल आणि धुराची काजळी. एका ठोक्याला काहीतरी सुटलं. त्याने छिन्नी वाकडी करून ओढली, आणि केळ्याएवढा लांब, नळीएवढाच जाड बोळा बाहेर आला. बाहेरून दगडासारखा, मधे करंगळी जाईल एवढं भोक. एवढ्या भोकातून ती म्हातारी इतके दिवस श्वास घेत होती.

बोळा द्वारकीच्या मांडीवर पडला. शी, तिला वाटलं, आणि तरी तिने तो टाकला नाही.

महादूने हँडल मारलं. पहिल्याच फेरीला मागून असा आवाज आला की शेजारची कोंबडी छपरावर गेली. झापांचा पाचोळा उडाला. महादू गाडीत बसला, तसाच काळा, आणि द्वारकी शेजारी. चिंचेच्या चढणीवर त्याने पाय दाबला, आणि गाडी वर गेली. न थांबता, न कण्हता. राखणदाराचा दगड बाजूने सर्रकन निघून गेला. महादूने विडी ठेवली नाही. वर पोचल्यावर त्याने गाडी थांबवली आणि मिशांवरची काजळी बाहीने पुसली. द्वारकीला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल.

"कोणाक सांगू नको," तो म्हणाला.

* * *

रविवारी मिस्त्री बैल घेऊन आला तेव्हा गाडी खळ्यात चालू उभी होती. आवाज ऐकून तो थबकला. मग वाडीतली माणसंही जमली, काशीबाई आली, गुरव आला.

"काय झाला रे, महादू?" काशीबाईने विचारलं.

द्वारकी पायरीवर बसून होती. तिने बापाकडे बघितलं. महादूने एकदा तिच्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, मग गुरवाकडे. आणि ओठ ताणून हसला.

"काय होतला. राखणदार पावलो," तो म्हणाला. "आणि लवूचो हात लागलो होतो ना. प्लग घासल्यान तेचो गुण जरा मागसून इलो."

मिस्त्रीने क्षणभर डोळे बारीक केले. मग कमरेवर हात ठेवले. "मी सांगलेलंय," तो म्हणाला, "इंजिन दोन दिवस बसाक होया." गुरव म्हणाला, कोंबडा लाल होता म्हणून. काशीबाई म्हणाली, तिने स्वतः बोललेला नारळ वेगळाच. मिस्त्रीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून जानकीने पुन्हा सुरमई तळली. तो जेवला, अंगणात चूळ टाकली आणि बैल घेऊन जाताना द्वारकीच्या डोक्यावर टपली मारून गेला. "अंगठो सांभाळ गो."

त्याच्या हाताचा खरकटा वास तिच्या केसांना लागला. तिने विहिरीवर जाऊन डोकं धुतलं. थंड पाणी मानेवरून उतरत होतं आणि ती दात खात होती. मिस्त्रीचा राग नव्हता तिला. मिस्त्री तसाच. कोंबडाही बिचारा मेला. पण बाप, ज्याने वादळात दोरी दाताने धरली होती म्हणतात, त्याला एवढंही म्हणता येऊ नये, की काथ्या मीच कोंबला, आणि तो माझ्या चेडवाने शोधला.

रात्री जेवायला बसले. पानात तारल्याच. महादू खुशीत होता. उद्या कणकवलीच्या बाजाराला दोन खेपा होतील म्हणत होता. चढणीला सवय म्हणून आणखी चार दिवस द्वारकीने उतरावं, म्हाताऱ्या इंजिनाला एकदम भार नको, असंही म्हणाला.

द्वारकीने घास खाली ठेवला. उठून खुंटीवरचं दप्तर काढलं, त्यातून कागदात गुंडाळलेला बोळा काढला आणि बापाच्या ताटाशेजारी ठेवला. कागद सुटला. मुशीचा वास कढीच्या वर आला. जानकीने पदर नाकाला लावला.

"गो मेल्ये, जेवणार ह्या काय हाडलंस?"

"आये, तू पण आयक." द्वारकी उभीच होती. आवाज भाषणातल्यासारखा निघाला. "फाल्यां सकाळपासून मी चढणीर उतरूचंय नाय. गाडी थांबली तर थांबली. ढकलूक लवू मिस्त्रीक बोलवा, नायतर राखणदाराक. मी फुडल्या शिटीर बसतलंय, आणि थयसरच बसान ऱ्हवतलंय."

महादूचा हात ताटात थांबला.

"आणि येत्या पावसात गाडी मी ठेवतलंय," ती म्हणाली. "तेल नाय, काथ्यो नाय. तुमी गाडयेक हात लावचो नाय, बाबा. हो बोळो तोपर्यंत माझ्या दप्तरात ऱ्हवतलो. कोणी इचारल्यान तर मी सांगतलंय."